जुन्या सिंथेसायझरमधला बिघडलेला पार्ट शोधायचा कसा

जुना सिंथेसायझर दुरुस्तीला आला की हात आपोआप पेचकसाकडे जातो. आधी यंत्राच्या मागची पाटी वाचा. तिच्यावर १०० व्होल्ट असेल तर यंत्र जपानच्या बाजारासाठी बनलेलं आहे, ११७ किंवा १२० असेल तर अमेरिकेच्या. २२० ते २४० असेल तरच ते आपल्या भिंतीतल्या सॉकेटला थेट लावायचं. सेकंडहँड यंत्राला मधल्या कुणीतरी आपल्याकडचा तीन पिनांचा टॉप जोडून दिलेला असतो आणि नवा मालक टॉप बघून निर्धास्त बटण दाबतो.

१०० व्होल्टच्या यंत्राला २३० दिले की ट्रान्सफॉर्मरमधून दुपटीहून जास्त दाब बाहेर येतो. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या तोंडाशी २० व्होल्ट डीसी यायचे, तिथे ४५ च्या आसपास येतात. ७८१५ रेग्युलेटर जास्तीत जास्त ३५ व्होल्ट सहन करतो आणि त्याच्या आधीचा फिल्टर कपॅसिटर बहुधा २५ किंवा ३५ व्होल्टचा असतो. फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात दडवलेला थर्मल फ्यूज आधी उडाला तर पुढचं सगळं वाचतं. तो उडाला नाही आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला, तर प्रोसेसर आणि मेमरीचे आयसी एका क्षणात जातात. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा: यंत्र दाब उतरवणाऱ्या कन्व्हर्टरवर लावलं होतं की थेट?

दुसरा प्रश्न गावातल्या लाईटचा. मराठवाड्यात यंत्रं मरतात ती पुष्कळदा वयाने नाही, लाईटने मरतात. डीपीवरचा न्यूट्रल सुटला की दोन फेजांमधला दाब घरातल्या वस्तूंमध्ये कसाही वाटला जातो आणि २३० च्या जागी ३५०, अगदी ४०० व्होल्टपर्यंतही येऊ शकतात. लग्नाच्या मांडवात जनरेटर सुरू होताना आणि बंद होतानाही दाब असाच हेलकावे खातो. "त्या रात्री गल्लीतले बल्बही गेले होते" असं उत्तर आलं, तर व्हॉइस चिपचा (एकेक सूर वाजवणाऱ्या आयसीचा) विचार बाजूला ठेवा आणि पॉवर सप्लायपासूनच सुरुवात करा.

या कामात एक नियम कधीही मोडू नका. मीटरने दोषी ठरवल्याशिवाय एकही आयसी काढायचा नाही. जुनो-१०६ हे यंत्र १९८४ चं. त्यातल्या रोलँडच्या खास चिपा आता बनत नाहीत. चाळीस वर्षं जुन्या बोर्डवरची तांब्याची पट्टी जास्त तापली की सालपटासारखी सुटते. अंदाजाने चार आयसी बदलले की मूळ बिघाड तसाच राहतो आणि चार नवे बिघाड तयार होतात.

हाताशी काय हवं

डिजिटल मीटर, त्यात डायोड मोड आणि एसी मिलिव्होल्ट असावा. तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं शिसं, रोझिनचा फ्लक्स, डिसोल्डर पंप आणि विक (शिसं शोषून घेणारी तांब्याची वेणी). बाजारात डबीत मिळणारी साधी पेस्ट बोर्डला लावू नका. तिच्यातली आम्लं आणि चिकटपणा मागे राहतात आणि वर्षभराने तीच जागा गळू लागते. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल एक लिटर आणून ठेवा, ते प्रत्येक टप्प्यावर लागतं. ईएसआर मीटर असेल तर कपॅसिटर न काढताच तपासता येतात. यंत्राची सर्व्हिस मॅन्युअल मिळवल्याशिवाय झाकण उघडू नका.

एक ऑडिओ प्रोब घरीच बनवा. कॉम्प्युटरचा जुना स्पीकर घ्या, त्याच्या इनपुटच्या तारेत ०.१ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्ट किंवा जास्त सहन करणारा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा, टोकाला जुन्या मीटरची पिन लावा. दुसरी तार बोर्डच्या ग्राउंडला. ज्या आयसीच्या पायाला पिन लावाल तिथला आवाज ऐकू येईल. हा प्रोब फक्त सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरनंतरच्या कमी दाबाच्या) बाजूला वापरायचा, २३० व्होल्टच्या जवळही न्यायचा नाही.

आणि सिरीज बोर्ड. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसाच: फेजच्या तारेत ६० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब आणि त्याच्या पुढे सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही, कारण बल्बची तार तापून तिचा रोध वाढणं हीच यातली खरी संरक्षणाची युक्ती आहे. १०० किंवा १२० व्होल्टच्या यंत्राला सिरीज बोर्डनंतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. तो खरा लोखंडी गाभ्याचा आणि पाटीवरच्या व्होल्टेजचाच असावा. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर सिंथेसायझरला लावू नयेत.

आधी पॉवर सप्लाय

टॉप काढलेला असताना फ्यूज तपासा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा रोध काही दहा ते काही शे ओहम यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर वेटोळं किंवा आतला थर्मल फ्यूज तुटला आहे. डायोड मोडवर, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजचा प्रत्येक डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवेल, उलट बाजूने काहीच नाही. दोन्ही बाजूंनी शून्य आलं तर तो शॉर्ट आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर समजून घ्या की फ्यूज आधीही उडत होता आणि त्याचं कारण अजून आतच आहे.

मग सिरीज बोर्डवर यंत्र चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भरभरून पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. इथून पुढे झाकण उघडं असताना प्रायमरीची बाजू जीवघेणी आहे. फ्यूज आणि स्विचच्या पायांवर जाड टेप लावा, एक हात मागे ठेवा, पायात चप्पल असू द्या. बंद केल्यावर मोठे फिल्टर कपॅसिटर १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा. पेचकस आडवा लावून ठिणगी काढणं कपॅसिटरलाही वाईट आणि पट्टीलाही.

बल्ब मंद असेल तर सिरीज बोर्ड काढून, योग्य दाबावर रेल (सप्लायमधून बोर्डना जाणारी प्रत्येक व्होल्टेजची वाट) मोजा. मीटरची काळी पिन आउटपुट जॅकच्या ग्राउंडला, गंजलेल्या पत्र्याच्या स्क्रूला नाही. ५ व्होल्टची रेल ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी, १५ च्या दोन्ही रेल १४.४ ते १५.६ मध्ये. एखादी रेल बसलेली असेल तर त्या बोर्डकडे जाणारा कनेक्टर काढून पुन्हा मोजा. रेल वर आली तर सप्लाय चांगला आहे, भार वाईट आहे. तशीच राहिली तर रेग्युलेटर किंवा त्याच्या आधीचं काहीतरी गेलं आहे.

भारातला शॉर्ट शोधायला करंट मर्यादित करता येणारा बेंच सप्लाय घ्या, त्याच रेलचा दाब ठेवा, करंट अर्ध्या अँपिअरच्या आत. बोर्डवर अल्कोहोलचा पातळ थर पसरा. जिथे ते सगळ्यात आधी उडून जाईल तिथला पार्ट तापतो आहे. थेंबाच्या आकाराचे पिवळे किंवा निळे टँटलम कपॅसिटर यात पहिले आरोपी, कारण ते मरताना शॉर्ट होतात. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ आयर्न चालू नको.

आता मीटर एसी मिलिव्होल्टवर टाका आणि त्याच रेल पुन्हा मोजा. काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. ५० च्या वर गेले तर फिल्टर कपॅसिटर सुकला आहे. रेग्युलेटरच्या तोंडाशी आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त सतत हवेत. सुकलेला कपॅसिटर तेवढं धरून ठेवू शकत नाही आणि लहरीचा खालचा भाग सरळ आवाजात उतरतो.

ही गुणगुण कानानेही ओळखता येते. दुसरा सुरात असलेला कीबोर्ड शेजारी ठेवा. ब्रिजनंतरची लहर १०० हर्ट्झची असते, म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढी, कारण तो सूर ९८ हर्ट्झचा आहे. गुणगुण या सुराशी जुळली तर फिल्टर कपॅसिटर बघा. ती आणखी एक सप्तक खाली, ४९ हर्ट्झच्या पांढरी पाचजवळ असेल, तर ५० हर्ट्झ थेट शिरतो आहे: अर्थिंग नाही, शील्ड तुटली आहे, किंवा ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला आहे. सॉकेटचं अर्थिंग आधी तपासा. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट यायला हवेत.

कपॅसिटर बदलताना तेवढ्याच किंवा वीस टक्क्यांपर्यंत जास्त मायक्रोफॅरडचा घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर, तापमान १०५ अंशाचं. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ठेवलेल्या यंत्राच्या आत काय तापमान असेल ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दुप्पट क्षमतेचा मात्र घालू नका. चालू करताना तो जास्त करंट ओढतो आणि ब्रिजवर ताण येतो.

बिघाडाचा नमुना काय सांगतो

सप्लाय शुद्ध असेल तर पेचकस खाली ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं वाजवा. कीबोर्डची एकच पट्टी वाजत नसेल तर तिच्याखालचा कॉन्टॅक्ट मळला आहे. रबरी कॉन्टॅक्ट असेल तर कापसाला अल्कोहोल लावून काळा ठिपका आणि बोर्डवरची काळी जागा पुसा. पॉलिश पेपर लावला तर कार्बनच निघून जातो. दर आठवी अशा ठरावीक अंतराने पट्ट्या मुक्या असतील, किंवा सलग आठ पट्ट्या गेल्या असतील, तर कॉन्टॅक्ट निर्दोष आहेत. कीबोर्ड आठ-आठच्या जाळीत वाचला जातो आणि त्यातली एक ओळ तुटली आहे: रिबन केबल, तिचा कनेक्टर किंवा त्या ओळीचा आयसी. एकाच पट्टीबरोबर भलतीच दुसरी वाजत असेल तर तिथला १एन४१४८ सारखा डायोड शॉर्ट आहे.

सगळे आवाज एकाच तऱ्हेने बिघडले असतील तर दोष सगळ्यांच्या वाटेवरच्या भागात शोधा: आउटपुटचा ऑपॅम्प (आवाज वाढवणारा आयसी), व्हॉल्यूम, कोरस. कोरस बंद केल्यावर आवाज स्वच्छ आला तर प्रश्न तिथेच मिटला, कोरसच्या एमएन३००९ आयसी आणि त्याच्या क्लॉकभोवती बघा. दर सहाव्या सुराला खरखर येत असेल तर सहातला एक व्हॉइस आजारी आहे.

आवाजाचा माग प्रोबने मधूनच सुरू करा. रस्त्याच्या मध्यावर आवाज असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. चार-पाच ठिकाणी पिन टेकवली की नेमका आयसी सापडतो. टीएल०७२ हा दोन ऑपॅम्पचा आयसी असेल तर पाय ८ वर अधिक, ४ वर उणे सप्लाय, १ आणि ७ ही आउटपुटं. एखादं आउटपुट १३ व्होल्टच्या पुढे चिकटून बसलं असेल आणि इनपुटांवर जवळपास शून्य असेल तर तो अर्धा ऑपॅम्प गेला आहे. पण तो भाग कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारा) म्हणून वापरला असेल तर ते त्याचं कामच आहे, म्हणून सर्किटचा नकाशा बघूनच निकाल द्या.

जुनो-१०६ चा व्हॉइस जवळून

या यंत्रात सहा व्हॉइस आहेत. की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून यंत्र चालू केलं की टेस्ट मोड येतो आणि पट्टी दाबली की कोणता व्हॉइस वाजतो आहे त्याचा आकडा दिसतो. खरखर कोणत्या आकड्यावर येते ते लिहून घ्या.

आता सॉ, पल्स, सब आणि नॉइज सगळं बंद करा, रेझोनन्स पूर्ण वर, फिल्टर मध्यावर, व्हीसीए गेटवर. फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवू लागेल. सहाही व्हॉइस एकेक करून ऐका. आजारी व्हॉइसची शिट्टीही फाटकी किंवा गायब असेल तर दोष ८००१७ए या फिल्टर-व्हीसीए मॉड्यूलमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या कंट्रोल व्होल्टेजमध्ये. शिट्टी स्वच्छ असून फक्त सॉ किंवा पल्स लावल्यावर गडबड होत असेल तर लहर बनवणाऱ्या एमसी५५३४ए कडे वळा. सूरच चुकत असेल, आणि तोही तीन व्हॉइसचा एकदम, तर तीन-तीन व्हॉइस सांभाळणाऱ्या दोन ८२सी५३ टायमरपैकी एक तपासा.

८००१७ए ला दोष देण्याआधी त्याच्या कंट्रोल व्होल्टेजची चांगल्या व्हॉइसच्या त्याच पायाशी तुलना करा. सहा सारखे व्हॉइस असणं हे या यंत्राचं मोठं वरदान आहे, पाच चांगले नमुने शेजारीच बसलेले असतात. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं असून आवाज वेगळा असेल तरच मॉड्यूल दोषी.

या मॉड्यूलवरचा काळा लेप कालांतराने वीज गळू देतो. मॉड्यूल काढून, झाकणबंद काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये एक-दोन दिवस ठेवलं की लेप मऊ पडतो. मग तो मऊ ब्रशने, घाई न करता काढायचा. ओढून काढला तर खालचे तांदळाएवढे पार्ट सोबत येतात. काम हवेशीर जागी आणि आगीपासून दूर. ॲसिटोन यंत्राच्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका. मॉड्यूल परत बसवताना सॉकेटवर बसवा. लेप काढूनही सुधारलं नाही तर नव्याने बनवलेले पर्यायी मॉड्यूल मिळतात.

दुपारी बिघडतं की पावसाळ्यात

सकाळी ठीक आणि दुपारी बंद, असं असेल तर उष्णतेचा बिघाड आहे. हेअर ड्रायरने एकेक भाग गरम करा, आणि संशयित आयसीच्या पाठीवर अल्कोहोलचा बोळा टेकवून तो थंड करा. बोळा टेकताच आवाज परतला तर आरोपी सापडला. असाच त्रास सोल्डरिंगचा कच्चा डागही देतो: कनेक्टर, जॅक आणि रेग्युलेटरच्या पायांभोवती भिंगातून बारीक गोल भेग दिसते. फ्लक्स लावून ३५० अंशांवर दोन-तीन सेकंदांत डाग नव्याने द्या.

उन्हाळ्यात ठीक आणि पावसाळ्यात सूर किंवा फिल्टर हळूहळू घसरतो, असं असेल तर गळती आहे. काळ्या मातीची बारीक धूळ बोर्डवर बसते, तिला ओल मिळाली की ती वीज वाहू देते आणि ४०५१ (व्होल्टेज पाळीपाळीने वाटणारा आयसी) च्या पुढच्या होल्ड कपॅसिटरमधलं व्होल्टेज गळून जातं. पार्ट बदलण्याआधी तेवढा भाग अल्कोहोलने धुवा, सुकवा आणि पुन्हा मोजा. उंदराने लघवी केलेली जागाही असंच करते, शिवाय तांब्याची पट्टी खाते.

मार्च ते मेच्या कोरड्या हवेत स्थिर विजेची काळजी घ्या. सीमॉस आयसी हाताळताना मनगटाला अर्थचा पट्टा हवा आणि खाली नायलॉनची चादर नको.

बॅटरी

कॉर्गच्या पॉलीसिक्स (१९८१) मधली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून केएलएम-३६७ बोर्ड खाते. बाहेर येतं ते अल्कली, म्हणून आधी पांढऱ्या व्हिनेगरने, मग पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने पुसा. हिरव्या पडलेल्या प्रत्येक पट्टीची कंटिन्युइटी मोजा, आयसीच्या पायाखाली शिरलेलीही. तिच्या जागी लिथियम सेल लावायचा तर चार्जिंगची वाट डायोडने अडवूनच, नाहीतर तो सेल फुगतो.

यामाहाच्या डीएक्स७ आणि जुनो-१०६ मध्ये ३ व्होल्टचा लिथियम सेल डाग देऊन बसवलेला असतो. काढण्याआधी पॅच मिडीवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कारण सेल काढला की मेमरी पुसते. मेमरी वाचवायला यंत्र चालू ठेवून डाग देऊ नका. नवीन सीआर२०३२ होल्डरमध्ये बसवा.

काढणं आणि विकत घेणं

आयसी मेला आहे हे पक्कं झालं असेल तर तो अख्खा काढण्याचा हट्ट नको. बारीक कटरने पाय अंगाजवळ कापा, एकेक पाय तापवून चिमट्याने ओढा, भोकं पंपाने मोकळी करा आणि सॉकेट बसवा. दुर्मिळ आयसी असेल तर आधी प्रत्येक पायाला ताजं शिसं द्या, जुनं शिसं त्याने लवकर वितळतं.

७८१५, टीएल०७२, ४०५१, डायोड, कपॅसिटर संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या टीव्ही-रेडिओ स्पेअरच्या दुकानांत मिळतात. बाकीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, किंवा नांदेडकरांना जवळची हैदराबादची कोठी. बंद झालेले सीए३०८० सारखे आयसी स्वस्तात मिळत असतील तर सावध व्हा. पाठीवर ॲसिटोनचा बोळा घासा, अक्षरं निघून खाली खरवडलेला पृष्ठभाग दिसला तर तो दुसराच आयसी आहे. सीईएम३३४० या ऑसिलेटर चिपसाठी मात्र लॅटव्हियातल्या अल्फा कंपनीचा एएस३३४० हा खरा पर्याय आहे.

झाकण लावण्याआधी २३० व्होल्टच्या यंत्रात फ्यूजनंतर, फेज-न्यूट्रलमध्ये १४डी४३१ व्हॅरिस्टर (दाब फार वाढला की वीज स्वतःतून वळवणारा पार्ट) बसवा. न्यूट्रल सुटला तर तो स्वतः जळेल, फ्यूज उडवेल आणि आतलं वाचेल. मग यंत्र चार तास चालू ठेवा, जमल्यास भर दुपारी. दर तासाला रेल मोजा, सहाही व्हॉइसची शिट्टी ऐका आणि रेग्युलेटरच्या हीटसिंकला बोट लावा. बोट तीन-चार सेकंदही टेकवून ठेवता येत नसेल तर हीटसिंकखालची पेस्ट वाळली आहे, ती पुसून नवी लावा आणि चार तास पुन्हा मोजा.